आत्याबाईंना दूध का सोसत नाही?

जबलपूरची खव्याची जिलेबी प्रसिद्ध आहे. सदरला कुणाकडे पाहुणे आले की ताटलीत ती येणारच. पण गोतावळ्यात एखाद्या आत्याबाई अशा निघतात, की "मला नको बाई, पोट डब्ब होतं" म्हणून ताटली मागे सारतात. बाकीचे याला नखरे म्हणतात. ते नखरे नसतात.

दूध आटवून खवा करताना पाणी उडून जाते, दुधातली साखर मागे उरते. कपभर दुधात ही दुग्धशर्करा सुमारे 10 ग्रॅम असते. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरांची ती जोडी. जोडी तुटल्याशिवाय आतडे ती शोषून घेत नाही. तोडण्याचे काम लहान आतड्यातले विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. लहानपणी ते भरपूर असते, पुढे अनेकांत कमी होत जाते. मग न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो.

गंमत अशी, की आतड्यातल्याच ई. कोलाय या जिवाणूजवळ ही जोडी तोडणारी स्वतःची कात्री असते. तिचे नाव बीटा-गॅलॅक्टोसिडेज. ती दिसते कशी, हे अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात ब्रायन मॅथ्यूज व सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवले. विकराचे स्फटिक करायचे, त्यांतून क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून एकेक अणूची जागा गणिताने काढायची, असे हे चिकाटीचे काम. चार सारख्या साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या दिसल्या. एकेका साखळीत 1023 अमिनो आम्ले! साखर धरणारी खाच प्रत्येकीत आहे, पण ती पुरी होते शेजारणीच्या एका वेटोळ्याने. सुटी साखळी काहीच कापू शकत नाही. एकत्र कुटुंबच म्हणा ना.

कापण्याची रीतही दोन टप्प्यांची. खाचेतले एक आम्ल गॅलॅक्टोजला धरून ठेवते, ग्लुकोज सुटते. मग पाण्याचा रेणू येऊन गॅलॅक्टोजचीही सुटका करतो. पुढे 2015 मध्ये श्रीराम सुब्रमण्यम यांच्या गटाने स्फटिक न करताच, हे विकर गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ तितक्याच बारकाईने पाहिले.

विरजणातल्या काही जिवाणूंजवळ याच कुळातले विकर असते. म्हणून दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही चालते. थोडे दूध जेवणाबरोबर घेतले तरी अनेकांना त्रास होत नाही. मुलांचे दूध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नये. दुधाची अॅलर्जी हा निराळाच आजार आहे.

बाजारात आता दुग्धशर्करा नसलेले दूधही मिळते. त्यात असेच विकर, बहुधा यीस्टपासून काढलेले, आधीच घालतात. साखर न घालताही ते नेहमीच्या दुधापेक्षा गोड लागते, कारण सुट्या झालेल्या दोन्ही साखरा जोडीपेक्षा गोड असतात.