भाताच्या पेशीचे दार

सन २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ‘कमला’ व ‘पुसा डीएसटी राइस-१’ ही जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. चर्चा झाली ती ‘क्रिस्पर’ या जनुकीय कात्रीची. उत्पादनाच्या दाव्यांवर पुढे आक्षेपही आले. त्या वादात न शिरता प्रस्तुत लेखकाला (कलाशाखेच्या पदवीधराने हे विचारावे, हे धाडसच!) एक साधा प्रश्न पडतो : ही कात्री मुळात पेशीच्या आत जाते कशी?

हे काम बहुधा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जीवाणू करतो. जखमी झाडात स्वतःच्या जनुकांचा तुकडा घुसवून गाठ उत्पन्न करणे, हा त्याचा स्वभाव. शास्त्रज्ञ गाठीची जनुके काढून त्या जागी हवी ती जोडतात. परंतु त्याचा नैसर्गिक वावर द्विदल वनस्पतींवर. भात पडला एकदल. कित्येक वर्षे ही वाट बंदच मानली जात होती. १९९४ साली जपान टोबॅको या कंपनीतील हिएई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोकळी केली. दाण्यातील बीजांकुरापासून वाढवलेला पेशींचा कोवळा गोळा त्यांनी जीवाणूच्या सहवासात ठेवला आणि द्विदल झाडांच्या जखमेतून पाझरणारे अ‍ॅसिटोसिरिंगोन हे द्रव्य वरून पुरवले.

मात्र हे यश जॅपोनिका भाताचे. आपल्या शेतात पिकतो तो मुख्यतः इंडिका, आणि तो हट्टी! त्याचा गोळा काळवंडतो, त्यातून रोप सहजी फुटत नाही. एका वाणाला मानवलेले पोषणमाध्यम दुसऱ्याला मानवेलच असे नाही. मग प्रयोगशाळा शेतकऱ्याला हवे ते वाण न घेता, वश होणारे वाण निवडते. २००० साली जगासमोर आलेला ‘गोल्डन राइस’ तैपेई-३०९ या जॅपोनिका वाणात घडवलेला होता. आशियाई शेतकऱ्यांच्या वाणांत तो गुण उतरवण्यासाठी पुढे संकराच्या पिढ्यांमागून पिढ्या घ्याव्या लागल्या.

क्रिस्परची मूलभूत पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत, याची चिंता आपल्याकडे रास्तच केली जाते. कटकच्या भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी टीएनपीबी या अगदी लहान प्रथिनापासून पर्यायी कात्री घडवली, ही अभिमानाची गोष्ट होय. पण कात्री स्वदेशी झाली तरी दाराशी अडलेलीच राहणार असेल, तर लाभ अर्धाच. सांबा मसुरीसाठी बसवलेली रीत कर्जत-३ला चालेल, असे गृहीत धरता येत नाही. वाणागणिक माध्यम बदलून पाहणे, किती गोळ्यांतून किती रोपे उभी राहिली याची नोंद ठेवणे, हे काम कंटाळवाणे आहे. त्यावर मथळे होत नाहीत, बढतीही क्वचितच मिळते. तरीही कृषी विद्यापीठांनी आपापल्या प्रदेशातील वाणांसाठी ते हाती घ्यावे आणि फसलेल्या प्रयोगांसह सर्व नोंदी एकमेकांना खुल्या कराव्यात. अनुदान देताना सरकारनेही हीच अट घालावी.