आगटीला धनी हवा

थंडी पडली आणि ज्वारी हुरड्यात आली की आमच्या जालना जिल्ह्यात शेताच्या वाटा माणसांनी फुलतात. अलीकडे हुरड्याच्या जोडीला, आणि पुष्कळदा हुरड्याऐवजीच, मटण-कोंबडी भाजण्याची टूम निघाली आहे. चार विटा मांडायच्या, वर लोखंडी जाळी टाकायची, खाली आग पेटवायची की झाली पार्टी! शहरातल्या गच्च्यांवर आणि अंगणांतही आता हेच दिसते. खाणाऱ्याच्या खाण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो जाळाला.

मागच्या हिवाळ्यात अंबड तालुक्यातील एक तरुण रात्री माझ्या दवाखान्यात आला. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, गालावर फोड, भुवया करपलेल्या. तेलात निथळणाऱ्या कोंबडीच्या तंगड्या जाळीवर होत्या. तेल-चरबी निखाऱ्यांवर ठिबकली आणि भडका उडाला. एका मित्राने घाईत तांब्याभर पाणी ओतले. पेटती चरबी, वाफ आणि राख एकदम उसळली ती याच्या अंगावर. नायलॉनच्या जर्किनची बाही वितळून कातडीला चिकटली होती, आणि त्यावर कोणीतरी टूथपेस्ट फासली होती! तो सोबत्यांना एवढेच म्हणाला, "नशीब खराब." मला ते पटले नाही. त्यात नशिबाचा भाग थोडा आणि सवयीचा मोठा होता.

भडका का उडतो, हे समजून घेतले तर तो टाळणे अवघड नाही. तापलेल्या मांसातील चरबी वितळून खाली ठिबकते. निखारा इतका तप्त असतो की त्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. त्या ज्वाळेने वरचे मांस आणखी तापते, आणखी चरबी गळते, जाळ आणखी वाढतो. वरून कातडी कोळसा होते आणि आत मांस कच्चेच राहते. म्हणजे चव गेली, पोटाला धोका आला आणि हात भाजला तो वेगळाच. कोंबडीच्या कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. जुलाब-उलट्यांचे रोगी अशा पार्ट्यांनंतर येतात, ते काही नवल नाही.

आता आपला हुरडा आठवा. आगटीत गोवऱ्या पेटवल्यावर जाणता माणूस लगेच कणसे घालतो का? नाही. तो जाळ बसू देतो. निखाऱ्यावर राखेचा थर आला की मगच कणसे आत सरकवतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे आगटीजवळ एकच माणूस बसतो. बहुधा तो घरातला म्हातारा असतो. पोरांनी काडी घालून ढोसले तर तो डोळे वटारतो. मटणाच्या पार्टीत मात्र दहाजण दहा बाजूंनी आग ढोसतात, त्यांतले काही प्यालेले असतात, आणि आगीचा धनी कोणीच नसतो. माझ्या मते खरे दुखणे इथे आहे. आगीशी कसे वागावे हे आपल्या मातीला ठाऊक आहे. कणसासाठी आपण जे पाळतो, ते मटणासाठी विसरतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, आगटीला धनी नेमा. तो न पिणारा असावा, त्याच्या अंगावर सुती कपडे असावेत, हाती लांब चिमटा असावा, आणि त्याच्याशिवाय आगीला कोणी हात लावू नये. लहान मुलांना चार हात दूर ठेवावे.

दुसरे, मांसाची तयारी घरीच करावी. वरची चरबी काढून टाकावी. मसाला तेलात कालवण्याऐवजी दही, लिंबू, लसूण, हळद यांत मुरवावा आणि जाळीवर ठेवण्यापूर्वी निथळून घ्यावा. मटण आधी कुकरमध्ये शिजवून घेतले तर बरीचशी चरबी तिथेच सुटते आणि निखाऱ्यावर फक्त खमंगपणा आणायचा उरतो. तुकडे लहान असावेत. कोंबडीचा जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी दिसला तर तो पुन्हा ठेवावा.

तिसरे, आगीची मांडणी. बाभळीच्या लाकडाचे किंवा कोळशाचे निखारे पांढुरके होईपर्यंत थांबावे. सगळे निखारे एका बाजूला ओढावेत आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी. भडका उडाला की पाणी ओतू नये. चिमट्याने तुकडे मोकळ्या बाजूला सरकवावेत. गळणारी चरबी थांबली की जाळ आपोआप बसतो. न बसला तर मूठभर कोरडी माती किंवा राख टाकावी. ती जवळ घमेल्यात भरून ठेवलेली असावी. सिगडीवर सळईचे कबाब भाजणारा कारागीर पाहा. जाळ दिसला की तो सळई बाजूला घेतो. त्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

विझत्या निखाऱ्यावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे म्हणजे मरणाला आवतण. टायरचे तुकडे, प्लॅस्टिक, रंगवलेले लाकूड यांच्या धुरावर अन्न भाजू नये. फवारण्या झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्याही नकोत. कडब्याची गंजी जवळ असेल तर तिथे आग पेटवूच नये. वाऱ्याची एक झुळूक वर्षाचा चारा नेते.

धुराबद्दल थोडे सांगतो. निखाऱ्यावर चरबी जळते तेव्हा त्या धुरात बेंझोपायरीनसारखी रसायने तयार होतात आणि ती मांसावर बसतात. हेच रसायन तंबाखूच्या धुरातही असते आणि ते कर्करोगकारक ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली बकरा-मेंढीच्या मांसासह सर्व लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. मात्र शिजवण्याच्या पद्धतीने धोका किती बदलतो, हे ठरवण्याइतका पुरावा नसल्याचेही त्याच संस्थेने सांगितले. तेव्हा वर्षातून दोनदा कबाब खाल्ला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दर रविवारी काळे पडलेले मांस 'खमंग' म्हणून खाणाऱ्याने विचार करावा. करपलेला भाग काढून टाकावा. एवढ्याने पंगतीची मजा कमी होत नाही.

इतके करूनही कोणी भाजलेच, तर भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. शेतात नळ नसेल तर मोटरीचे पाणी चालते, कळशीने हळूहळू ओतले तरी चालते. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. चिकटलेला कपडा ओढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कपड्याने सैल झाकून दवाखाना गाठावा. चेहरा, हात किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर 108 वर फोन करावा. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळावे, इतरांनी घोंगडीत लपेटावे.

तो तरुण बरा झाला. पण दोन बोटे नीट मिटायला त्याला चार महिने लागले आणि कपाशीची वेचणी त्याच्या म्हाताऱ्या आईने केली. परवा तो भेटला तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, आता आमच्या शेतात आगटीजवळ आजोबांना बसवतो."

वाचकहो, या हिवाळ्यात तुमच्याही आगटीजवळ असे एक माणूस बसवा, आणि जाळ बसेपर्यंत थोडी कळ काढा.