बोअर, झटका आणि मर्दानगीचा खोटा हिशेब

१/ परवा बीडमध्ये चहाच्या टपरीवर एक वाक्य कानी पडले : ".३२ म्हणजे खेळणं. खरी ती नाइन एमएम. तिचा झटका जो सोसतो तोच मर्द." बोलणाऱ्याच्या मोबाइलवर हवेत गोळीबार करणाऱ्या कुणाची तरी रील चालू होती. हा थ्रेड त्या वाक्याविरुद्ध आहे. ते भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही आणि इतिहासाच्याही नाही.

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. झटका व्यासातून जन्मत नाही. गोळीचे वस्तुमान गुणिले तिचा वेग, म्हणजे संवेग, जितका पुढे जातो तितकाच मागे हातावर येतो. हा न्यूटनचा तिसरा नियम आहे. तो कोणाची छाती मोजत नाही.

३/ केवळ गोळीचा संवेग, ढोबळ मानाने (किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद) :
.२२ : ०.८
.३२ ऑटो : १.३
.३८० म्हणजे ९ मिमी शॉर्ट : १.८
९ मिमी पॅराबेलम : २.८
.४५ ऑटो : ३.८
.३५७ मॅग्नम : सुमारे ४
.३८०, पॅराबेलम आणि मॅग्नम या तिघींच्या गोळीचा व्यास जवळपास एकच, नऊ मिलिमीटर. तरी झटका दुपटीहून अधिक बदलतो. मग नुसत्या 'नाइन एमएम' या शब्दाला अर्थ काय उरला?

४/ हाताला 'जाणवणारा' झटका तर आणखी निराळा. .४५ चे कोल्ट १९११ पिस्तूल सुमारे १.१ किलोचे, तर .३८० चे बेरेटा १९३४ सुमारे ६६० ग्रॅमचे. संवेगात दुपटीचा फरक असूनही मागे येण्याच्या वेगात फरक उरतो जेमतेम पाव पटीचा. शिवाय कोल्टची नळी क्षणभर स्लाइडशी जखडलेली राहते, त्यामुळे धक्का पसरतो. बेरेटात तशी जखडण नाही, त्यामुळे तो तीक्ष्ण लागतो. मुठीचा आकार आणि हातापासून नळीची उंची यांचाही वाटा असतोच.

५/ आता इतिहास. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या वीस ब्राउनिंगपैकी. चोरकप्प्यात मावणारे आणि अंगरख्यात लपणारे शस्त्र हीच तेथली गरज होती. झटक्याच्या मोठेपणाला त्या हिशेबात जागाच नव्हती.

६/ ज्या साम्राज्याविरुद्ध ते पिस्तूल रोखले गेले, त्याने पुढे काय केले? पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपली .४५५ वेब्ली मागे सारून .३८ बोअर स्वीकारली. एक प्रमुख कारण असे, की घाईने प्रशिक्षित झालेल्या सैनिकांना जड रिव्हॉल्व्हर आवरत नव्हते. नेम चुकण्यापेक्षा बोअर घटवणे शहाणपणाचे ठरले. त्याला कोणी भ्याडपणा म्हटले नाही.

७/ २८ जून १९१४, साराजेव्हो. ३० जानेवारी १९४८, दिल्ली. पहिल्या ठिकाणी ब्राउनिंग १९१०, दुसऱ्या ठिकाणी बेरेटा १९३४. काडतूस दोन्हीकडे तेच, ९ मिमी शॉर्ट. वरच्या यादीतला खालून चौथा आकडा. शतकाला हादरवणाऱ्या या गोळ्यांचा झटका आजच्या पोलिसी पिस्तुलाहून कमी होता. आणि प्रार्थनेला निघालेल्या ७८ वर्षांच्या निःशस्त्र वृद्धावर जवळून गोळ्या झाडण्यात शौर्य किती, हे कोणत्याही बोअरने ठरत नाही.

८/ मग .३२ ला 'खेळणे' का म्हणतात? कारण कायद्यात आहे. आपल्याकडे सामान्य परवान्यावर .३२ मिळते, ९ मिमी मात्र निषिद्ध बोअर आहे. म्हणजे टपरीवरचे आकर्षण झटक्याचे नसून मनाईचे आहे. जे मिळत नाही त्याला मर्दानगीचे नाव दिले जाते, इतकेच.

९/ खरे कौशल्य पाहायचे असेल तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्याकडे पाहा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. काडतूस .२२, आमच्या यादीतले सर्वांत मवाळ. तेथेही कस लागतो तो झटक्यानंतर नेम पुन्हा जागेवर आणण्याचा.

१०/ हे सारे बीडमध्ये बसून लिहितो आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर, २०२४ च्या अखेरीस, या जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची आणि पिस्तूलधारी रील्सची चर्चा राज्यभर झाली. पुढे प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. परवाना कागदावर रद्द होतो. ज्या वाक्यामुळे तो मागावासा वाटतो, ते टपरीवर तसेच राहते. ते खोडणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. मतभेद असेल तर जरूर मांडा. फक्त छाती नको, आकडे घेऊन या.