भट्टीच्या आधी

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराचा ट्रक रिकामा होतो तेव्हा काय काय घरंगळते, ते एकदा उभे राहून पाहावे. सायकलची रिम, शिलाई मशीनचे चाक, झिजून चार बोटे उरलेला नांगराचा फाळ. सगळे भट्टीत जाते आणि सळई होऊन बाहेर येते. सळईला कोणी तिचे मूळ गाव विचारत नाही.

याच जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथल्या लोकांचे उल्लेख कोरलेले आहेत. १९७०च्या दशकात इथे उत्खनन झाले, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. दोन बाजूंना दासी, कमरेच्या वरचा भाग मात्र गेलेला. तिच्याशी विलक्षण जुळणारी, पण शाबूत मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, पॉम्पेईत सापडली होती. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत पुरलेली ही बाई आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती लक्ष्मी की यक्षी, घडली कुठे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. मला त्या वादापेक्षा तिच्या माथ्यातले भोक मोलाचे वाटते. त्या भोकावरून दिसते की ती सुटी मूर्ती नसावी. आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा. म्हणजे घरातली रोज हाताळायची चीज! वापर संपला, मूठ उरली, आणि आपण तिला कला म्हणू लागलो.

कलावंत मार्सेल द्युशाँने १९१७ साली दुकानातले मुतारीचे भांडे कलाप्रदर्शनाला पाठवले, तेव्हा त्याने एवढेच केले की दोन हजार वर्षे थांबायचे नाकारले.

आपल्याकडे शर्मिला सामंत यांनी कोका-कोलाच्या बुचांची साडी केली. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातले प्रभाकर पाचपुते खाणकामगार रेखाटतात तेही कोळशानेच. समीक्षक त्याला ‘माध्यम’ म्हणतात. पाचपुत्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तो पगार होता. वस्तूला चिकटलेला हा घाम दिसला नाही, तर बुचांची साडी नुसती गंमत ठरते.

जालन्याच्या भट्ट्यांना भंगार कधी कमी पडणार नाही. त्यातला एखादा ढीग वितळण्याआधी बाजूला काढून कलाशाळेच्या पोरांपुढे ओतला, तर कारखानदाराचे काय बिघडेल?

तो फाळ मी मागितला. काट्यावरच्या माणसाने तो हातातच तोलला. “न्या साहेब, अर्धा किलोबी भरायचा नाही.”