आधी इंग्रजी, मग तिचे नियम

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षं ही भाषा शिकतं. 'ही इज टू वीक टू वॉक' या वाक्यातला 'टू' काढून 'सो... दॅट' घाला, 'नो सूनर... दॅन'ने वाक्यं जोडा, कर्तरीचं कर्मणी करा, हे सगळं सराव झालेली मुलं झटपट करून दाखवतात. वाक्याचा अर्थ कळला नाही तरी ते जमतं, आणि खरी गोम तिथेच आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२३ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या ५७.३ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली. पण ज्यांना ती वाचता आली, त्यांतल्याही सुमारे पाव मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. याचं सारं खापर व्याकरणावर फोडता येणार नाही. शिक्षकांची तयारी, घरची परिस्थिती, पुस्तकांचा दुष्काळ ही कारणंही आहेतच. तरीही 'आधी नियम, मग उदाहरण, मग रिकाम्या जागा' हा क्रम तपासायला हवा, कारण भाषा डोक्यात या क्रमाने शिरत नाही.

'ही', 'शी' असेल तर क्रियापदाला 'एस' लावायचा, हा नियम घ्या. फळ्यावर तो दोन मिनिटांत सांगून होतो आणि मुलांना तोंडपाठही होतो. तरी पुढे कित्येक वर्षं ती 'माय ब्रदर गो टू स्कूल' असंच लिहितात. हा आळस नव्हे. हा 'एस' शिकणाऱ्यांच्या बोलण्यात फार उशिरा पक्का होतो, नियम कितीही लवकर शिकवला तरी, हे १९७० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. नियम माहीत असणं वेगळं आणि बोलण्याच्या ओघात तो पाळला जाणं वेगळं. दुसरी गोष्ट घडते ती अर्थ असलेलं इंग्रजी भरपूर कानांवर आणि डोळ्यांखालून गेल्यावर. फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या संशोधकांनी हेच करून पाहिलं. साचेबद्ध वाक्यं घोटून घेण्याऐवजी त्यांनी वर्गात गोष्टींची अडीचशे पुस्तकं ठेवली. वर्षभरात या मुलांची वाचनातली प्रगती नेहमीच्या जवळपास दुप्पट झाली. दुसऱ्या वर्षी ती लेखनात आणि व्याकरणातही पुढे गेली.

'फिजीचं सोडा, आमच्या वर्गात साठ मुलं आहेत,' असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्या दक्षिणेतच आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास भागातल्या साध्या शाळांत व्याकरणाचा अभ्यासक्रमच बाजूला ठेवला. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक किंवा गावाचा नकाशा ठेवायचा. एक प्रश्न शिक्षकांनी सगळ्या वर्गासोबत सोडवायचा, मग तसाच दुसरा मुलांनी आपापला सोडवायचा. गट पाडण्याचा आग्रहही नव्हता, त्यामुळे भरलेल्या बाकांवर हे शक्य झालं. पुढे बाहेरच्या अभ्यासकांनी तुलना केली तेव्हा रचनांच्या चाचणीत जुन्या पद्धतीची मुलं सरस ठरली, पण श्रुतलेखन आणि आकलन अशा बाबतींत प्रभूंच्या वर्गांचं पारडं बहुतेक ठिकाणी जड होतं. हा निकाल त्या अभ्यासकांनी हात राखूनच मांडला, तसाच तो घ्यावा.

यापेक्षा वजनदार आक्षेप कॅनडातून येतो. तिथे फ्रेंचमधून शालेय विषय शिकलेल्या इंग्रजी भाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागलं, पण वर्षानुवर्षं शिकूनही बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहिल्या. नुसतं कानांवर पडून भागत नाही, हे यातून मान्य करावंच लागतं. म्हणून व्याकरण हद्दपार करा असं माझं म्हणणं नाही. मुलाने काहीतरी सांगायला म्हणून चार वाक्यं लिहिली आणि त्यांत चूक झाली, की तिथल्या तिथे नियम दाखवावा. तेव्हा तो कामाला येतो. राहिला तो नियमांच्या बाजूने दिला जाणारा, तर्खडकरांच्या इंग्रजी भाषांतर पाठमालेवर घडलेल्या पिढीचा दाखला. त्या पिढीतले जे पुढे गेले, त्यांनी कॉलेजात इतिहास, कायदा, विज्ञान सगळं इंग्रजीतून वाचलं. श्रेय एकट्या पाठमालेचं नव्हे. आणि इंग्रजीपायी मॅट्रिकलाच अडकलेले? त्यांचा दाखला कोणी देत नाही.

शिक्षकांना हे कळत नाही असं मुळीच नाही. पण प्रश्नपत्रिकेत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' आहे तोवर वर्गात तेच चालणार, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. स्पर्धा परीक्षांचे ठोकळेही याच साच्यात ओतलेले. तेव्हा सुरुवात गुणांपासून करावी. वाक्यबदलाचे गुण कमी करून तेवढ्या गुणांसाठी एसटीचं इंग्रजी वेळापत्रक द्यावं: सकाळी अकराला साताऱ्यात मुलाखत आहे, कोणती गाडी धराल, का, आणि ती चुकली तर मुलाखतीच्या ठिकाणी काय कळवाल, हे चार ओळींत लिहा. अर्थ पोहोचला तर निम्मे गुण, भाषा शुद्ध असेल तर उरलेले. अशी उत्तरं तपासायला परीक्षकाला जास्त वेळ लागेल आणि त्याचं मानधन मंडळाला वाढवावं लागेल.