लोणारचे रान: उल्केनंतरची गोष्ट

१/ बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला येणारी अनेक कुटुंबे विवराच्या काठावर थांबतात, छायाचित्र काढतात आणि ‘इथे उल्का पडली’ एवढे मुलांना सांगून परततात. विधान खरे आहे, पण अपुरे. लोणारचा मानवी इतिहास कळायचा तर रानातून खाली उतरावे लागते. 🧵

२/ आधी उल्का. बेसॉल्ट खडकातील सुमारे १.८ किमी व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. प्रचंड आघातानेच घडणारे काचरूप खनिज येथे सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पारडे आघाताकडे झुकले.

३/ पायवाटेच्या आरंभी धार आहे. गोमुखातून पडणारे गोडे पाणी खाली खाऱ्या, अल्कधर्मी सरोवराला मिळते. सरोवरातून बाहेर वाहणारा एकही प्रवाह नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. लोणारच्या मानवी इतिहासाचे मूळ या साध्या क्रियेत आहे.

४/ पुढे झाडीत कुमारेश्वर, रामगया, वाघ महादेव अशी जुनी दगडी मंदिरे भेटतात. पाण्याच्या काठी कमळजा देवी. नवरात्रात येथे यात्रा भरते. ज्यांना हे ‘पडके अवशेष’ वाटतात, त्यांनी ही गर्दी आठवावी.

५/ आता क्षारांकडे. काच आणि साबण यांसाठी लागणारे पदार्थ या परिसरात मिळतात, याची नोंद अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त सोळाव्या शतकाच्या अखेरीस झाली. ब्रिटिश काळातही सरोवराचे क्षार काढले जात. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची प्रतवारी होती.

६/ पुराणकथा हे मीठ विसरली नाही. विष्णूने लवणासुराला मारले, म्हणून गावातील मंदिर दैत्यसूदनाचे. आणि लोणार या नावातही लवणच आहे. आजच्या सांगण्यात मात्र उल्का उरते. चिखलातून क्षार वेचणारे हात गळून पडतात.

७/ २००० मध्ये येथे अभयारण्य झाले, २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत आले. ते योग्यच. पण पेच खरा आहे: वाढती मुळे चिरे सरकवतात आणि अभयारण्यात प्रत्येक फांदीला कायद्याचे संरक्षण असते. वनखाते आणि पुरातत्त्वखाते यांनी एकेका मंदिरापाशी एकत्र उभे राहून निर्णय घेणे, हाच यावरचा मार्ग. जंगल की मंदिर, अशी निवड करायला लावणारा प्रश्नच चुकीचा आहे.

८/ पर्यटकाचेही कर्तव्य आहे. स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा, वाट सोडू नये, शिल्पांवर चढू नये. आणि धारेपाशी मुलांना एक प्रश्न विचारावा: हे गोडे पाणी खाली जाऊन खारे का होते? उत्तर शोधताना भूगोल येईल, पुराण येईल आणि त्या क्षारांवर पोट भरणारी माणसेही येतील. उल्का एका क्षणात पडली. त्यानंतरची सारी गोष्ट या पायवाटेवर आहे.