कलेचे दान, काळाचे दान

पुण्याहून राजगडाला निघालेली दुर्गप्रेमी मंडळी वाजेघर मागे टाकून पाली गावात पोहोचतात आणि पाली दरवाजाच्या पायऱ्या चढू लागतात. गडाच्या पायथ्याचे हे गाव बहुतेकांना एवढ्याच ओळखीचे. भातखाचरांच्या आधाराने जगणाऱ्या अशा डोंगराळ गावातील एखाद्या मुलीला कथक शिकावेसे वाटले, तर तिची वाट मात्र गडाच्या वाटेहून अवघड असते. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या नृत्यभारतीसारखी विद्यालये पुण्यात आहेत. तेथवर आठवड्यातून दोनदा जाऊन अंधार पडण्यापूर्वी घरी परतणे तिला शक्य नसते.

दानशूर कुटुंबे अशा गावांना विसरलेली नाहीत. वह्या, दप्तरे, गणवेश यांचे वाटप दरवर्षी होते. परंतु नृत्य आणि चित्रकला म्हटले की सुज्ञ माणसेही थबकतात. ज्या घरात उद्याच्या धान्याची चिंता आहे, तेथे घुंगरांचे काय काम? हा प्रश्न कठोर मनातून येत नाही. तो हिशेबी आणि दयाळू मनातूनच येतो. म्हणून त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

त्रितालाच्या सोळा मात्रा प्रथम पायांत मुरतात. मग त्याच अवधीत दुप्पट आणि चौपट बोल बसवावे लागतात. तीनदा म्हटलेली तिहाई नेमकी समेवर उतरली नाही, तर चूक दुसऱ्या कोणी सांगावी लागत नाही. चित्रकलेचेही तसेच आहे. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. डोळ्यांनी पाहिलेली भातलावणी आठवून कागदावर उतरवताना मूल आपल्याच गावाकडे प्रथमच नीट पाहते. एकाग्रता, प्रमाणाची जाण आणि चुकले तर पुन्हा करण्याचा धीर ही शिदोरी मूल पुढे कोणत्याही व्यवसायात गेले तरी कामी येते. शिवाय शास्त्रीय कला व चित्रकला यांच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीला वाढीव गुणांची तरतूद आहे. ही सवलत शहरातील मुलांना सहज मिळते. दुर्गम गावातील मुलांपर्यंत ती कोणी नेली तरच पोहोचते.

व्यापारी माणसाने कलेला हात दिल्याची उदाहरणे आपल्या राज्यातच आहेत. लहान वयात आईवडिलांना मुकलेल्या आणि व्यापारातून वर आलेल्या जमशेटजी जीजीभॉय यांनी कला व हस्तोद्योगांच्या शिक्षणासाठी एक लाख रुपये दिले. त्यातून १८५७ मध्ये मुंबईत उभे राहिलेले कलाविद्यालय आज ‘जे. जे.’ म्हणून सर्वांना ठाऊक आहे.

संगीतातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. ओंकारनाथ ठाकूर यांना बालपणी पोटासाठी मिळेल ते काम करावे लागले. शापूरजी मंचेरजी डुंगाजी या पारशी दात्याने त्यांचा आवाज ओळखला आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांच्या शिक्षणाची सोय केली. पुढे हेच ओंकारनाथ हिंदुस्थानी संगीतातील थोर गायक झाले. पलुस्करांनी स्वतःही गरीब विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि विद्या विनामूल्य दिली. त्यासाठी त्यांची एकच अट होती. शिष्याने नऊ वर्षे सोडून जायचे नाही.

या नऊ वर्षांतच सारे मर्म आहे. अन्नदान एका दिवसात पूर्ण होते, वस्त्रदान एका हंगामात. कलेचे दान वर्षांनी मोजावे लागते. पलुस्करांच्या डोक्यावर संस्थेपायी कर्ज झाले आणि १९२४ मध्ये विद्यालयाची मालमत्ता लिलावात गेली. तरीही विद्या बुडाली नाही, कारण ती शिष्यांच्या कंठात जमा होती. १९३१ मध्ये पलुस्करांच्या निधनानंतर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज कथक आणि भरतनाट्यमच्या परीक्षाही हे मंडळ घेते. वास्तू गेली, भांडवल उरले. व्यापारी कुटुंबाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पालीसारख्या गावासाठी म्हणूनच मोठी इमारत नको. शाळेची एक खोली किंवा मंदिराचा सभामंडप पुरतो. हवे आहे ते एवढेच : दर आठवड्याला येणाऱ्या शिक्षकाचे मानधन व प्रवासखर्च, कागद, रंग, घुंगरू, परीक्षाशुल्क आणि परीक्षाकेंद्रापर्यंतचे वाहन. दोन-तीन कुटुंबांनी मिळून हा भार पाच वर्षे उचलण्याचा संकल्प केला, तर तो कोणालाच जड जाणार नाही. सहा महिन्यांत उत्साह संपून वर्ग बंद पडणार असेल, तर तो सुरू न केलेलाच बरा. कारण अर्ध्यावर सुटलेला हात मुलांच्या फार काळ लक्षात राहतो.

आणखी एक पथ्य पाळावे. शिकणाऱ्या मुलांना दात्याच्या समारंभात शोभेसाठी नाचवू नये. त्यांचा पहिला कार्यक्रम त्यांच्याच गावात, त्यांच्या आईवडिलांसमोर व्हावा आणि दात्याने श्रोत्यांच्या मागच्या रांगेत बसावे. मुलीचे पाऊल समेवर पडताना तिच्या आईचा चेहरा तेथूनही दिसतो.